माणसाआधी पोचलेली ट्रंक

घरात पाहुणे वाढले आणि खुर्च्या कमी पडल्या की सगळ्यांना माझी आठवण होते. वर सतरंजी टाकली की झाली बैठक. मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. माझा काळा रंग जागोजागी उडाला आहे, एक कडी सैल झाली आहे, आणि पोटात हल्ली रजया अन् डांबराच्या गोळ्या असतात. अंगावरची पांढरी अक्षरं मात्र अजून वाचता येतात: हवालदार मानसिंग हिंदुराव गरड, सोलापूर.

माझा जन्म इथलाच, सोलापूरचा. पत्रा कापून, कडा ठोकून, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारून मला उभं केलं. दुकानदार चपलांसकट माझ्यावर चढून उभा राहायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "बघा, वाकली का?" मी वाकत नसे. त्याचा मला फार अभिमान होता. जेऊरच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं, फौजेत भरती झाल्यावर, मला विकत घेतलं. तेव्हापासून जिथं मानसिंग तिथं मी. बराकीत त्याच्या खाटेखाली, आगगाडीत त्याच्या पायाशी. गणवेशाची घडी, दाढीचं सामान, आणि लग्न झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक फोटो, एवढाच माझा संसार.

फोटोतली मुलगी म्हणजे इंदुमती. सोलापूरच्या कॉलेजात शिकून बी.ए. झालेली, आणि नजरेची मोठी सावध. नवी पेठेच्या मागं गिरिजाबाईंच्या घरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती राहत होती. एकाहत्तर साली लढाई सुरू झाली तेव्हा तिची बेबी जेमतेम पालथी पडायला लागली होती. बेबीला तिच्या बापानं अजून पाहिलंही नव्हतं. जेऊरहून इंदुमतीच्या सासूबाई, सोजरबाई, अधूनमधून पिठाचं गाठोडं घेऊन यायच्या, आणि गावाकडं गुरं आहेत म्हणून पुन्हा परत जायच्या.

त्या दिवसांत मी तिथं नव्हते. आम्हाला, म्हणजे ट्रंकांना, आघाडीच्या मागं एका गोदामात ठेवलेलं होतं. पण पुढं माझ्यावर बसून हे सगळं इतक्यांदा सांगितलं गेलं की मला तोंडपाठ झालं आहे. इंदुमती रोज सकाळी गिरिजाबाईंकडचं वर्तमानपत्र आणी आणि सासूबाई आलेल्या असल्या की त्यांना वाचून दाखवी. वाईट बातमी आली की मधल्या ओळी गाळून ऊस-ज्वारीच्या भावावर जाई.

"इंदे, लढाईचं पान लई लवकर संपलं की गं आज," सोजरबाई म्हणत.

"आज काही नव्हतंच, आत्याबाई."

"व्हय, व्हय. आन् तुझा आवाज का बसलाय मग?"

तिचा सगळा दिवस हात लावून बघण्यात जाई. बेबीचं कपाळ गरम तर नाही ना, स्टोव्ह नीट विझला ना, कडी लागली ना. आणि दुपटी! हिवाळ्यात दोरीवरचं प्रत्येक दुपटं ती आधी बोटांनी, मग गालाला लावून पाही. जरा ओलसर लागलं की परत दोरीवर. गिरिजाबाई हसायच्या. "अय्यो, पोरीला सर्दी होईल म्हणून किती ते! आम्ही काय लेकरं वाढवली न्हाईत काय?" इंदुमतीही हसे, पण दुपटं पुन्हा गालाला लावल्याशिवाय राहत नसे.

लढाई थांबली. शहरात पेढे वाटले गेले. पण माणसं लगेच घरी आली नाहीत, सीमेवरच राहिली. मानसिंगला रजा मिळाली, रद्द झाली, पुन्हा मिळाली, पुन्हा रद्द झाली. दोन्ही वेळा इंदुमतीनं रवा भाजून ठेवला होता. म्हणून तिसऱ्यांदा रजा पक्की झाली तेव्हा त्यानं ठरवलं, आता कळवायचं नाही, एकदम दारात जाऊन उभं राहायचं. मला गच्च भरलं, दोरीनं आवळलं, आणि आम्ही निघालो.

सोबत पलटणीतला भीमाशंकर होता. त्याला अक्कलकोटला, म्हणजे सोलापूरच्या पुढं जायचं होतं. दौंडला गाडी बदलताना मानसिंगनं नळावर अंघोळ उरकली आणि पंचा पिळून माझ्या दोरीखाली खोचला. गाडी जेऊरच्या जवळ आली तसा त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. आईचं गाव खिडकीतून जाणार आणि आपण नुसतं बघत बसणार? आधी आईच्या पाया पडायचं, मग बायकोचं तोंड बघायचं, ही त्याच्या घरची रीत.

"भीमा, ही ट्रंक सोलापूरला एखाद्या टांग्यात घालून दे," तो म्हणाला. "मी म्हातारीला भेटून मागनं येतोच."

पिशवी खांद्याला अडकवून त्यानं उडी मारली. मी गाडीत राहिले. त्याला कसं कळावं, की त्याची आई चार दिवसांपूर्वीच बेबीला दात येताहेत म्हणून सोलापूरला आली आहे!

सोलापूरला गर्दी फार. भीमाशंकरनं मला टांग्यात चढवलं, पत्ता सांगितला, भाडं दिलं, आणि पुढचं काही बोलायच्या आत गाडीनं शिट्टी दिली. तो पळाला.

मी दारात उतरले तेव्हा सोजरबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला पाहिलं. मग माझ्या मागं पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"टांगेवाले, साहेब कुठं आहेत?" इंदुमतीनं विचारलं.

"मेरेकू क्या मालूम, बाई. एक मिलिट्रीवाला दिया, पत्ता बोला, और चल दिया."

सोजरबाईंच्या हातातलं सूप पडलं. जेऊरला त्यांच्या शेजारच्या केराबाईंच्या घरी मागच्या लढाईत असंच झालं होतं. आधी ट्रंक आली होती, दुसऱ्याच फौजीच्या हातून. मग खबर.

"केराच्या दारात आशीच आली होती गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मातीत बसल्या.

शेजारच्या बायका जमल्या. कुणीतरी बेबीला उचलून घेतलं. कुणी हुंदका काढला, आणि एकीला बघून दुसरीनं. एका म्हातारीची नजर इंदुमतीच्या बांगड्यांवर गेलेली मी पाहिली. मित्रांनो, त्या अंगणात खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. माझा पत्रा उन्हानं तापला होता, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं.

इंदुमती रडली नाही. ती माझ्यापाशी आली आणि नेहमीसारखी हात लावून बघू लागली. कुलूप बघितलं. दोरी बघितली. मग तिचा हात दोरीखालच्या पंचावर थांबला. तिनं तो ओढून काढला, बोटांनी दाबला आणि गालाला लावला.

"आत्याबाई, हा ओला आहे."

"आता पंचा कशापायी बघतीस, बाई…"

"ओला आहे, आत्याबाई! हात लावून बघा."

गिरिजाबाईंनी हात लावला. "व्हय की. पण स्टेशनात सांडलं असंल कुणाचं पाणी."

"मग साबणाचा वास कसा येतोय? आणि बघा, मधे पिळलाय आणि दोन्ही टोकं तशीच ओली. लग्न झाल्यापासून मी ह्यांना सांगतेय की टोकंही पिळा, घरभर पाणी गळतं. असा अर्धवट पंचा पिळणारा साऱ्या फौजेत एकच माणूस आहे! आज सकाळी अंघोळ केलीय त्यांनी. आजच!"

सोजरबाईंनी पंचा दोन्ही हातांनी धरला, टोकं दाबली. त्यांच्या मनगटावरून पाण्याचा एक ओघळ गेला.

"आळशी हाय मेला. ल्हानपनापासनं," त्या म्हणाल्या. आणि मग इंदुमतीला एकदम रडू फुटलं. इतका वेळ आवरून धरलेलं सगळंच बाहेर आलं.

पण पंचा ओला आहे म्हणून माणूस दारात येत नाही. दुपार लांबली. बायका एकेक करून गेल्या. इंदुमतीनं डोळे पुसले आणि चूल पेटवली.

"भाकरी टाका, आत्याबाई."

"किती जणांच्या?"

"तिघांच्या."

दिवेलागणीला फाटक वाजलं. घामानं भिजलेला, धुळीनं माखलेला मानसिंग आत आला तो कुरकुरतच. "आई, तू हितं व्हय? सगळं जेऊर हुडकलं मी! कुलपाच्या पाया पडून आलो!"

"मुडद्या…" सोजरबाईंच्या तोंडून सवयीनं गेलं, आणि त्यांनी जीभ चावली. मग त्या उठल्या, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तोच हात तिथंच ठेवून त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

इंदुमती दारातच उभी होती. "ट्रंक पुढं पाठवलीत," ती म्हणाली, "आणि एक शब्द नाही पाठवला?"

"येतच होतो की मागनं."

"ते तुम्हाला माहीत होतं. आम्हाला नाही."

मानसिंगला सारं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो माझ्यावर मटकन बसला. बेबी त्याला बघून किंचाळली, आईच्या पदरात शिरली, आणि बऱ्याच वेळानं एक डोळा बाहेर काढून बघू लागली.

त्यानंतर मी पुष्कळ प्रवास केले. तो निवृत्त झाला, मी माळ्यावर गेले. काही वर्षं माझ्यावर कुणी हातही फिरवला नाही, आणि पावसाळ्यात तळाला गंज धरला. आता बेबीच्या घरी आहे. दिवाळीआधी एकदा उन्हात ठेवतात, पुसतात. तेवढं मला पुरतं. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल, तर तिला तेवढं ऊन नक्की द्या.

आणि मित्रांनो, कधी लांबून घरी याल, तेव्हा सामानाआधी आपला एक शब्द घरी पोचवा. आम्ही वस्तू तुमचं ओझं वाहतो, तुमच्याबरोबर दूरदूर जातो, वर्षानुवर्षं तुमचं सारं जपून ठेवतो. पण दारात जीव मुठीत धरून उभ्या असलेल्या माणसाला "तो बरा आहे" एवढं सांगणं, तेवढं मात्र आमच्याच्यानं होत नाही.