थोरलीचा राहिलेला डोस

एका घरात दोन जावा असल्या की पोरांच्या उंचीपासून अक्षरापर्यंत सगळ्याची तुलना होणारच. या घरात एकदा चक्क लशीची झाली.

"वहिनी, छकुलीला काविळीच्या लशीचा दुसरा डोस दिला बरं का. सहा महिने झाले ना," धाकटी म्हणाली.

थोरलीच्या दादूला, म्हणजे मिसरूड फुटलेल्या चिरंजीवांना, पहिला डोस छकुलीबरोबरच मिळाला होता. दुसरा ती साफ विसरली होती. पण हार मानील तर ती थोरली कसली?

"सहा महिने लहान मुलांना," ती ठामपणे म्हणाली. "मोठ्यांना वर्षाने देतात. आधीचा डोस मुरावा लागतो."

धाकटीने मान डोलावली. पुढे वर्ष गेलं, दीड वर्षही गेलं. डॉक्टरीणबाई दोघींच्या एकच, मग कुठल्या तोंडाने जायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून थोरली गप्प राहिली.

मग दादूच्या बाकावरच्या मित्राला कावीळ झाली. त्याच्या बाटलीतलं पाणी दादू हक्काने प्यायचा. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. येता-जाता ती पोराचे डोळे उजेडात धरून बघू लागली.

"आई, मी काय केळं आहे का, पिकलो का ते बघायला?" दादू वैतागला.

शेवटी तिला राहवेना. "दादूचा डोस राहिलाय गं," ती धाकटीला म्हणाली. "ते मुरायचं मी मनानेच रचलं होतं."

धाकटी हसेल असं तिला वाटलं होतं. धाकटीने चपला घातल्या. "आधी चला."

"आता सगळं पहिल्यापासून?" थोरलीने दवाखान्यात चाचरत विचारलं.

"मुळीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूल लहान असो की दाढी आलेलं, या हिपॅटायटिस 'ए'च्या लशीचे डोस दोनच. मध्ये निदान सहा महिने, आणि जमेल तर वर्षाच्या आत उरकावं. उशीर झाला तरी पहिला डोस वाया जात नाही. राहिलेला तेवढा द्यायचा."

"मग सहा महिने चांगले की वर्ष?" धाकटीला अजून निकाल हवा होता.

"दोन्ही चालतात. चालत नाही तो न दिलेला."

मंडळी, पोरांच्या तब्येतीपेक्षा आपण आपली अब्रू जपत बसतो, हेच आपलं चुकतं! विसरणं माणसाला शोभतं, लपवणं मुलांना भोवतं.

त्या संध्याकाळी जिन्यात शेजारीण भेटली. "माझं चुकलं" हे शब्द जन्मात न उच्चारलेली थोरली तिला म्हणाली, "दादूचा दुसरा डोस मी विसरले होते, आज दिला. तुमच्या लेकीचा झाला?"

शेजारणीने मान खाली घातली.

"चला," थोरली म्हणाली, "दवाखाना अजून उघडा आहे."