मान खाली

"आई, मान खाली," सून तिसऱ्यांदा म्हणाली.

टेलरकाकूंनी निमूटपणे टेबलावरच्या उशीत कपाळ टेकवलं. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डावा तर लहानपणापासून नावालाच, उजेड तेवढा कळायचा. जन्मभराचं शिवण झालं ते या एका डोळ्याच्या जिवावर. पडदा चिकटवणारे मोठे डॉक्टर हल्ली दर शनिवारी इथल्या छोट्या दवाखान्यात यायला लागले होते, म्हणून लांबच्या शहराची वारी वाचली. ऑपरेशन करून त्यांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, "बुडबुडा वर चढतो. मान खाली असली तरच तो पडद्याला दाबून धरेल. मी येईपर्यंत मान वर करायची नाही. केलीत तर डोळा गेला समजा."

पण दवाखाना घराजवळ होता, तेच नडलं. शहरात कोण कुत्रं फिरकलं असतं? इथे दुसऱ्याच दिवसापासून सगळा गोतावळा लोटला.

आणि काकूंची खोड अशी, की समोरच्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. मापं घेतानाही त्या गिऱ्हाइकाचा चेहरा बघायच्या. कपडा कुठे काचतोय ते टेप सांगत नाही, तोंड सांगतं, असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, रुसलीस का गं? तोंड तरी दाखव," नणंद म्हणाली.

"आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"आम्ही काय परके आहोत? क्षणभराने काय आभाळ कोसळतंय?"

काकूंनी मान वर केली. क्षणभरच. मग चुलतजावेसाठी, मग शेजारणीसाठी. सुनेने दार लावून घेतलं तर बाहेर कुजबुज झाली, सून भारी शिष्ट आहे हो. काकूंनीच दार उघडायला लावलं.

गुरुवारी डोळ्याच्या कडेला काळी किनार दिसली. उशीची सावली असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. शुक्रवारी उशी बाजूला केली तरी किनार होतीच, आणि रुंद झाली होती. पण सांगायचं कुणाला? सून सगळ्यांसमोर नणंदेला बोलली असती, आणि माहेरवाशिणीचं माहेर कायमचं तुटलं असतं. त्यांनी पुन्हा उशीत कपाळ टेकवलं.

शनिवारी डॉक्टरांनी खोलीत अंधार करून बराच वेळ डोळा तपासला.

"मान वर केली होती?"

दाराशी उभ्या असलेल्या नणंदेने पदर तोंडाला लावला. सून बोलायला गेली तसा काकूंनी तिचा हात घट्ट दाबला.

"झोपेत वळले असेन, डॉक्टर. झोपेवर कुणाचा ताबा असतो?"

"पुन्हा ऑपरेशन करता येईल?" सुनेने विचारलं.

"शहरात नेऊन करून बघू. पण आशा धरू नका." डॉक्टरांनी हातातला दिवा बंद करून खोलीतले दिवे लावले. "आता मान वर केली तरी चालेल, काकू."

काकूंनी बराच वेळ ती वर केली नाही. मग नणंदेचा हुंदका ऐकू आला. त्यांनी हळूच मान उचलली, डोक्यावरचे केस सारखे केले आणि हसून म्हणाल्या, "या ना वन्सं, आत या. बसा."

नणंद दारात होती. काकू भिंतीकडे बघून हसत होत्या.