बिल्डर बैलाची चिकट नजर

श्रावणी सोमवारी मानपाड्यात सहदेवच्या गोठ्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. टॉवरमधली माणसंसुद्धा चपला काढून शेणात उभी. आत नेत्रानंदबाबा बैलाच्या डोळ्याला पितळी नळी लावून बसले होते.

बैलाचं नाव बिल्डर. सहदेवने जमिनी विकल्या, पण हा शर्यतीचा बैल विकला नाही. पांढरं तोंड, गुलाबी पापण्या आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात लाल, खरबरीत गाठ. मी गुरांचा डॉक्टर. मी तपासून सांगितलं होतं, "कर्करोग वाटतोय. आत्ता गाठ काढली तर डोळा वाचेल. थांबलात तर आधी डोळा जाईल, मग बैल." सहदेव ढसाढसा रडला आणि त्याने बाबांना फोन लावला. माझी किंमत ही अशी.

"तीन पिढ्यांची नजर आहे," बाबा म्हणाले. "जुनी आहे, चिकट आहे. पाच अमावास्या ओढावी लागेल. सुरी लावलीत तर बैल गेलाच समजा."

मग त्यांनी नळीतून जोरात ओढलं, गाल फुगवले आणि तळहातावर एक पांढरी गोळी थुंकली. लोकांनी हात जोडले. "लांब राहा, अंगात शिरेल," बाबा सांगत होते, तेवढ्यात घरच्या मांजरीने झडप घालून ती नजर गिळली, मिशा चाटल्या आणि आणखी मिळेल म्हणून बाबांच्या मांडीवर जाऊन बसली.

लोक चार पावलं मागे सरले. सहदेवची आई रंगूबाई मात्र पुढे झाली. तिचा जन्म मासळी साफ करण्यात गेलेला.

"यो तं सुरमईचा डोला हाय. शिजला का आशीच गोली व्हते. जल्लं, श्रावनान मासली?"

"आजी, ही सिद्धी आहे."

"मंग पानी घे, तोंड धू न परत वढ."

"तोंड धुतलं की सिद्धी उतरते."

नातवाला औषध पाजताना धरते तसे रंगूबाईने बाबांचे गाल दाबले. आणखी दोन गोळ्या पडल्या. मांजर तयारच होती.

गर्दी हसली. सहदेव हसला नाही. "डॉक्टर," तो खाली बघत म्हणाला, "आजच होईल का?"

त्याच दिवशी जागा बधिर करून मी गाठ काढली. तपासणीत कर्करोगच निघाला, पण वेळेत निघाला. बिल्डर आज दोन्ही डोळ्यांनी मला बघतो आणि इंजेक्शन आठवून शिंगं रोखतो.

माझं मागणं फार नाही. चमत्कार बघायला जरूर जा, फक्त बाबांना आधी तोंड धुवायला सांगा. बैलाला स्वतःहून दवाखान्यात जाता येत नाही. तो आपण नेऊ तिथेच जातो.