मामा उभा राहिला ती जागा

सरका, जवळ येऊन बसा. एका झऱ्याची गोष्ट सांगते. पण झरा नेमका कुठे, ते मात्र विचारू नका.

लोमातेवामामा अमेरिकेतल्या आमच्या होपी लोकांतल्या अस्वल कुळाचा म्हातारा. पठाराखालच्या रानात तो झरा, वरच्या कातळावर अस्वलाचा पंजा कोरलेला, भोवती पूर्वजांची फुटकी खापरं. ती खापरं म्हणजे त्यांची पावलं, म्हणून कुणी उचलत नाही. मामा तिथे पिसं बांधून ठेवी, मक्याचं पीठ शिंपडी आणि मुकाट परत येई. जागा परक्याला दाखवली की देव तिथून उठून जातात, हे त्याला त्याच्या मामाने शिकवलेलं.

मग वायूची पाइपलाइन आली. जागा दाखवा, आम्ही टाळतो, असं कंपनीचा साहेब म्हणाला. मामाचं म्हणणं, अख्खा उतारच सोडा.

"आजोबा, एवढं रान कसं सोडू?"

"तुझ्या आजीच्या घरातली कुठली खोली पाडू, सांगशील?"

भाची पोलिमाना होपी कचेरीत कामाला. तिने फार गळ घातली, तेव्हा मामा साहेबाबरोबर गेला. पण झऱ्यापासून लांब, एका उघड्या टेकाडावर उभा राहिला. खापरं तिथेही होती. साहेबाने त्याच्याभोवती लाल झेंड्या रोवल्या, हात जोडल्यासारखं केलं आणि गेला. त्या दिवसापासून झऱ्यावर पाखरं उतरेनात.

पोलिमाना नवा नकाशा घेऊन आली तेव्हा मामा पिकी, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, मोडत होता. "जागा वाचली, मामा. बघ, झेंड्या टाळून रेघ कशी वळवली."

रेघ वळली होती ती थेट झऱ्यावर.

मामाच्या मुठीत भाकरीचा चुरा झाला. "पोरी," तो म्हणाला, "मी उभा होतो, तो झरा नव्हे."

तिने कंपनीला फोन लावला. तुमच्याच माणसाने दाखवलेली जागा सोडली आहे, खोदकाम सुरू झालं, असं उत्तर आलं.

दुपारी मामाने पिठाची पिशवी काढली. पोलिमाना मागोमाग निघाली, तिला त्याने उंबऱ्यातच थांबवलं. जन्मभर लपवलेल्या झऱ्याकाठी तो उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा जाऊन बसला. रानापलीकडे पिवळी धूळ उठली होती. पाण्यावर वारा नव्हता, तरी वर्तुळं उमटत होती. खालची जमीन थरथरत होती. त्याने पीठ शिंपडलं आणि पूर्वजांना हाक मारली. धूळ जवळ येत राहिली.

बाबांनो, आज घरी ओंजळीत पाणी घ्याल तेव्हा त्या म्हाताऱ्याची आठवण काढा. तो अजून तिथेच बसलाय.