एका कोयत्याचा ताप

कोयत्याचा ताप मोजायचं यंत्र वेगळं असतं. त्याला दोन टोकं असतात. एक बायकोनं तोंडात धरायचं, दुसरं नवऱ्यानं, आणि दोन्हीकडून निघालेला पारा जिथं थांबेल तो त्या कोयत्याचा ताप.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. "यंदा किती कोयते आणले?" असं कारखान्याचा माणूस विचारतो तेव्हा तो हत्यारं मोजत नाही, जोड्या मोजतो. एकटी बाई किंवा एकटा बाप्या म्हणजे अर्धा कोयता. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. रोहिदासलाही वाटलं नव्हतं. अंगाची हळद निघायच्या आत तो कौसाबरोबर कोयता झाला आणि फडावर आला. जन्मभर अर्धा म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं, असं त्याचं मत होतं.

पौषात कौसाला ताप भरला. आधी टपरीवरच्या गोळ्या झाल्या, मग अंगारा झाला. डोक्यावर मोळी घेऊन ती गाडीकडे निघाली आणि वाटेतच मोळीसकट खाली बसली, तेव्हा मात्र रोहिदासनं कोयता टाकला आणि तिला घेऊन फडाच्या पलीकडच्या गावातला दवाखाना गाठला.

नर्सनं दोघांकडे एकदा पाहिलं आणि कपाटातून लांब यंत्र काढलं. दोघांनी टोकं तोंडात धरली. कौसाकडून पारा तरातरा निघाला, मधल्या खुणेपाशी आला, रोहिदासच्या बाजूची थंडी त्याला लागली आणि तो तिथंच बसला.

"नॉर्मल," नर्स म्हणाली.

"अवं ताई, हात लावून बघा की तिला. कपाळावर भाकर भाजंल."

नर्स काही वाईट बाई नव्हती. तिनं एक हात कौसाच्या कपाळावर ठेवला, दुसरा रोहिदासच्या, आणि थोडा वेळ डोळे मिटून हिशेब केला. "दोन्ही मिळून काही नाही ओ," ती म्हणाली.

"मला न्हाईच ताप. तिला हाये."

"तेच सांगाय लागलेय मी. कोयत्याला नाही."

शेजारी गावातलीच एक म्हातारी खोकत होती. तिच्या तोंडात एका टोकाचं छोटंसं यंत्र होतं आणि तिच्यासाठी आत खाट घातली जात होती. रोहिदास त्या यंत्राकडे बघत राहिला. उभ्या आयुष्यात त्यानं कुणाच्या वस्तूवर डोळा ठेवला नव्हता, पण ते यंत्र त्याला हवं होतं.

दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसले. शिपाई येता-जाता म्हणायचा, "ए कोयता, सरकून बस." ते सरकायचे. दर वेळी बाक थोडा आखूड व्हायचा. कौसाचा खांदा आधी त्याच्या खांद्याला टेकला, मग खांद्यात गेला. पाणी आणायला रोहिदास उठू लागला तर तिचा हातही वर आला, कारण दोन्ही हात एकाच बाहीत होते. खाली पाहिलं तर चपलांचा एकच जोड उरला होता.

त्याला वाटलं, चला, आता निम्मा ताप तरी इकडे येईल. तो वाट बघत बसला. सगळं एक झालं, घाम एक, धाप एक, पण ताप तेवढा तिचा तिलाच राहिला. याचा रोहिदासला भयंकर राग आला. एवढा संसार एकत्र केला, आणि ऐन वेळी हिनं ही एक गोष्ट स्वतःपुरती ठेवली.

मग त्यानं अक्कल चालवली. समोरच्या गाड्यावरून चहा मागवला आणि कढत कढत तोंडात धरून कौसासकट आत गेला. आता दोन्ही टोकांकडून पारा धावला आणि मध्ये त्यांची टक्कर झाली.

"चहा," नर्स म्हणाली.

"न्हाई ताई."

"आल्याचा."

रोहिदास मान खाली घालून बाहेर आला. त्यानं मुकादमाला फोन लावला. "बापूराव, दवाखान्यात सांगा की, कौसाला अर्धा कोयता लावा म्हणून."

"लावतो की. पर अर्धा कोयता कव्हा लावत्यात?"

"कव्हा?"

"दुसरा अर्धा नसला म्हंजे. तू तर माझ्यासंगं बोलतुयास."

तेवढ्यात कौसा बरळायला लागली. "अवं, मोळी बांधा की. गाडी निघाली." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी कुन्या गावचे, पाव्हनं?" ही आता हातची जाते, हे रोहिदासला स्वच्छ कळलं. त्यानं तिला उचललं, म्हणजे दोघं मिळून उठले, आणि ते तिसऱ्यांदा आत गेले.

नर्स यंत्र झटकत होती. तिची पाठ वळली तसा रोहिदासनं आपला हात बाहीतून ओढला. शिवण उसवावी तसा आवाज झाला आणि दुखलंही, पण त्यानं दात आवळले. खांदा सोडवला, पाय सोडवले. यंत्राचं एक टोक नर्सनं कौसाच्या तोंडात दिलं. दुसरं हवेत राहिलं.

"या टोकाला कोण?" नर्सनं विचारलं.

"कुणी न्हाई," रोहिदास म्हणाला.

पारा निघाला तो मध्ये थांबलाच नाही. या टोकापासून त्या टोकाला गेला आणि काचेवर आपटला.

"अगं बाई! एकटी आली होय ही?" नर्स ओरडली. "खाट घाला! सलाईन आणा!" सगळे धावले. कौसाला आत नेलं, खाटेवर निजवलं, बाटली टांगली. रोहिदास दारात उभा राहून बघत होता. त्याला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले.

नर्स सुई हातात घेऊन थांबली.

"हिचं माणूस कुठाय?"

तिनं दाराकडे पाहिलं.

"माणूस असल्याशिवाय कशी टोचू? उद्या काही झालं तर?"

"मी हाये की ताई," रोहिदास म्हणाला.

नर्स त्याच्या अंगावरूनच व्हरांड्यात गेली. "या बाईचं माणूस कोण हाय का?" बाकावरच्या लोकांनी इकडेतिकडे पाहिलं. रोहिदासनं हात वर केला. दोन्ही हात वर केले. "मी! ताई, मी हाये!" तो जीव खाऊन ओरडत होता, आणि ओरडून ओरडून त्याला दरदरून घाम फुटला.

आत कौसा खाटेच्या कडेला सरकली. तिचं अंग तसंच कोरडं होतं आणि तापलेलं होतं. तिच्या शेजारची मोकळी चादर मात्र खांद्यापासून पायापर्यंत ओली होत चालली होती.