वालांना बंदी

मी बाळंतीण झाले आणि घरातली सगळी माणसं माझ्या पोटाची मालक झाली. माहेर टेमघरला, घराखालीच कापडाच्या लूमचा दिवसरात्र खडखडाट, म्हणून बाळंतपण मानकोलीला सासरीच झालं. बाळ रडलं की माझ्या सासूबाई, पार्वतीबाई, पाळण्याकडे न जाता माझ्याकडे यायच्या.

"काय खाल्लंस गो?"

"वाल."

वाल बंद. पुन्हा रडलं, तर बटाटा बंद. मग चवळी, वांगं, आंबट, थंड. शेवटी माझ्या ताटात पातळ पेज तेवढी उरली, तीही वाटीभर. दूध आटत चाललंय हे मला कळत होतं, पण बाळंतिणीचं ऐकतो कोण?

सासरे रामनाथ गोडाऊनांचे मालक. काहीही बिघडलं की वॉचमन नेमायचा, एवढा एकच उपाय त्यांना ठाऊक. त्यांनी नामाला गोडाऊनवरून काढून आमच्या घराच्या गेटवर बसवला. "वातूळ काय बी आत जाता कामा न्हाय!"

नामा ड्युटीला पक्का. माझी आई वालाचं बिरडं घेऊन आली, तर त्याने डबा हुंगून तिला परत पाठवली. तरी ती रोज यायची. गेटवरून मिस्ड कॉल द्यायची, मी खिडकीत जायची आणि दोघी हात हलवायचो.

बाळ रडतच होतं. एकदा सासरे बोंबील खाऊन आले आणि बाळ त्यांच्या मांडीवर रडलं. वाससुद्धा बाधतो, असं सासूबाईंनी जाहीर केलं. झालं, सगळ्या घराला पेज! नामा आत येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड हुंगू लागला. माझ्या नवऱ्याला, दीपेशला, त्याने कांदा खाल्ला म्हणून उन्हात उभं केलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मग एका दुपारी सासरेच गोडाऊनातल्या खोक्यांआड बसून बोंबील खाऊन आले.

"शेठ, तोंड उघडा."

"नोकरी घालवीन तुझी!"

"तुमचीच ऑर्डर हाय."

सासरे आपल्याच गेटवर फतकल मारून बसले. "अरे, पेजेवर माणूस जगतंय काय? भुकेनं जीव चाललाय माझा!" त्यांचा आवाज अगदी रडवेला झाला होता. नेमकं तेव्हाच आत बाळाने टाहो फोडला.

मी खिडकीतून ओरडले, "बाबा, बाळही तेच सांगतंय! मलाच पोटभर मिळेना, तर त्याला दूध कुठून येणार?"

सासरे उठले. बाजूला आई डबा धरून उभीच होती. तिला ते स्वतः आत घेऊन आले.

"अवो, त्यात वाल हायत!" सासूबाई किंचाळल्या.

"असूंदे."

पाळण्यात नातू बोंबलत होता, पण आईने आधी माझ्याकडे बघितलं. इतके दिवस जो तो मला विचारत होता, काय खाल्लंस.

आई डब्याचं झाकण काढत म्हणाली, "जेवलीस काय गो?"

मी बाळापेक्षा मोठ्याने रडले.