बत्तीस फूट

ग्रेसीने टेपचं टोक वडिलांच्या कबरीच्या उशाशी दाबून धरलं. अमृत मिस्त्री उकिडवा सरकत पायथ्यापर्यंत गेला.

"सात. रुंदी तीन."

शेजारची आईची कबरही तेवढीच. पावसाळ्यात तिची माती खचून बसली होती. आता दोन्ही कबरींभोवती विटांचा कठडा बांधायचा होता. खोदताना उशाशी खडक लागल्याने आईची कबर तीन फूट पायथ्याकडे सरकली होती. दोन्ही मिळून पायरीसारखी आकृती झाली होती आणि मधली सामाईक बाजू चार फुटांची.

ग्रेसी विसरवाडीच्या शाळेत गणित शिकवायची. तिने वहीत आकृती काढून बाहेरच्या कडांची बेरीज केली.

"बत्तीस."

"चाळीस नही का? वीस आन् वीस."

"चिकटलेली बाजू धरत नाहीत. दोन्हीकडून चार-चार गेले."

"मास्तरीन शेतस तुम्ही. मी काय बोलू!"

वडिलांचे धाकटे भाऊ, सॅम्युअलकाका, विटांच्या ढिगावर बसले होते.

"एकाच कठड्यात दोघं," ते म्हणाले. "जिवंतपणी जमलं नाही, आता तरी."

ग्रेसीने वही मिटली. सोळा वर्षांपूर्वी आई मोडलेलं मनगट पदरात बांधून तिच्या दारात आली होती. हाड वाकडंच जुळलं. आई नवऱ्याच्या घरी परत गेली नाही. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिने एवढंच सांगितलं होतं, "त्याच्याजवळ नको." ग्रेसी तिचं शव घेऊन गावात पोचली, तेव्हा काकांनी वडिलांच्या शेजारीच खड्डा खणून घेतला होता. लोक गाणं म्हणत उभे होते. ग्रेसी त्यांच्याबरोबर गात राहिली.

अमृतने चुन्याची रेघ ओढायला घेतली. वडिलांच्या बाजूने सुरुवात करून तो आईच्या उशाकडे वळला.

"थांबा," ग्रेसी म्हणाली. "दोन वेगळे कठडे करा. चाळीस फूट धरा."

"अगं, आत्ता तूच म्हणालीस ना, मधली बाजू धरत नाहीत?" काका म्हणाले.

"मुलांना तसंच शिकवते."

अमृतने दोघांकडे पाहिलं. "पन ताई, दोन्ही भिंती एकमेकले चिकटतीन."

"आईचा कठडा वीतभर पलीकडे घ्या. मधे माती राहू द्या."

काका उठून उभे राहिले. "लोक विचारतील, पोरी. मी काय सांगू त्यांना?"

ग्रेसीने अमृतच्या हातातला चुन्याचा डबा घेतला आणि ती वीतभर जागा स्वतःच आखायला बसली.